धर्मा नाखव्याची होडी रुतत नाही

समुद्रावरच्या माणसाबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता वादळ येणार, शीड फाटणार, डोलकाठी कडाडून मोडणार आणि कुणीतरी शूर पुरुष दात-ओठ खाऊन सुकाणू धरणार. माफ करा. या सबंध हकिकतीत पाणी कुणाच्या गुडघ्याच्या वर जात नाही. एकदा तात्यांच्या छातीपर्यंत गेलं होतं, पण तेव्हा तात्या बसले होते.

शूर पुरुष मात्र आहे. तो होता धर्मा नाखवा.

वरळीच्या कोळीवाड्यात त्याची स्वतःची होडी होती, म्हणून नाखवा. अंगानं सुकवलेल्या बोंबलासारखा, आवाजानं गिरणीच्या भोंग्यासारखा. डोक्याला लाल टोपी, कमरेला रुमाल, आणि या दोहोंच्या मधे जे काही होतं ते नुसतं छाती फुगवणं. वरळीच्या टोकापासून उत्तरेला, माहीमच्या खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याला समांतर अशी वाळूची दोन लांबोडकी बेटं होती. कुणीतरी दोन शेवग्याच्या शेंगा पाण्यात टाकाव्यात तशी. भरतीला त्यांची पाठ तेवढी दिसायची. आजूबाजूला पाणी इतकं उथळ की खेकडा चालला तर त्याची पाठ कोरडी राहावी. मासेमारीतून सवड मिळाली की धर्मा नाखवा रविवारी आम्हा गिरगावकरांना तिथं हवा खायला नेत असे.

आम्ही म्हणजे एकाच ऑफिसातले चौघे. हेडक्लार्क तात्या, दोघे सबनीस बंधू, आणि पेणच्या शाळेतून सात मास्तरांचे आवाज शिकून मुंबईला आलेला मी. (इंग्रजीही शिकलो होतो, पण त्याचा उपयोग कमी झाला.) तात्या जुन्या वळणाचे. समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावं लागतं, मग होडीत बसण्याचं काय, असं त्यांनी आधी भटजींना विचारून घेतलं. भटजींनी खोली विचारली. तात्यांनी सांगितली. भटजी म्हणाले, "पाय टेकतात तोवर तो समुद्र नव्हे, तात्या, तो चिखल." तात्या निर्धास्त झाले. तरी होडीत बसले की ते धोतर वर धरत आणि विष्णुसहस्रनाम सुरू करत.

पहिल्या दिवशी धर्मा नाखव्यानं आम्हाला किनाऱ्यावर ओळीनं उभं केलं आणि बैल निवडावेत तसं पाहिलं.

"तुमी दोन गोणी," तात्यांना म्हणाला. "मधी बसा. तुमी दोगं मिळून एक गोणी, फुडं नाळेकडं जा." मग माझ्याकडे वळला. "तू रं? तू कायच नाय. तू खय बी बस."

"परत कधी यायचं, नाखवा?" तात्यांनी विचारलं.

"दर्याला इचारा."

"पण वारा पडला तर?"

"दर्याला इचारा."

"आणि तुम्ही शिदोरीला काय घेतलंय?"

"ते हिराबायला इचारा," असं म्हणून त्यानं आवाज एकदम खाली आणला. हिराबाई म्हणजे त्याची बायको. टोपली घेऊन पार लालबागपर्यंत मासळी विकायला जायची, आणि तिची हाक दोन गल्ल्या आधी पोचायची. दर्याला अरे-तुरे करणारा हा माणूस हिराबाईच्या नावालाही टोपी नीट करायचा.

होडी निघाली. नाखवा हातातल्या बांबूनं पाण्याची खोली बघत होता आणि खणखणीत आवाजात सांगत होता, "दोन वाव! दोन वाव!" वाव म्हणजे दोन हात पसरले की होतं तेवढं अंतर. मी वाकून पाहिलं तर बांबू जेमतेम वीतभर ओला झालेला.

"नाखवा, वीतच भिजलाय की."

"बांबू किती लांब हाय?"

"असेल दोन वाव."

"मग मी काय बोलताव?"

एवढ्यात धप्प झालं. होडी जागच्या जागी थांबली, आम्ही मात्र पुढे गेलो. सबनीस बंधू एकमेकांच्या मांडीत, मी तात्यांच्या पाठीवर, आणि तात्या 'शार्ङ्गधन्वा गदाधरः'वर. आम्ही उठेपर्यंत नाखव्यानं नांगर उचलून झोकात बाहेर भिरकावला होता आणि तो कमरेवर हात ठेवून उभा होता.

"पोचलो!"

आम्ही चौफेर पाहिलं. बेट अजून चांगलं लांब होतं.

"अहो, बेट तिकडं आहे!" तात्या म्हणाले.

"बेट तितंच ऱ्हानार. ते कनाला हलंल? आपुन हितं नांगरलाव. उतरा. जेवा."

"रुतलीय होडी तुमची!"

झालं. नाखव्याचा चेहरा असा झाला की जणू तात्यांनी त्याच्या आईचं नाव काढलं. तो तात्यांच्या अगदी जवळ आला आणि हळू म्हणाला, "तात्यानू, या होडीत सगला बोला. ह्यो शब्द नाय. धर्मा नाखव्याची होडी रुतत नाय. थांबते."

नांगर बिचारा चार बोटं पाण्यात पडला होता. त्याचे दोन आकडे वर, दोन खाली. थोड्या वेळानं वरच्या आकड्यावर एक कावळा येऊन बसला. नाखव्यानं त्याच्याकडे बघितलंच नाही.

नंतर कितीतरी रविवार आम्ही त्याच्याबरोबर गेलो, आणि धप्प व्हायचं, नांगर पडायचा, 'पोचलो' व्हायचं. बेटावर प्रत्यक्ष पाऊल आम्ही क्वचितच टाकलं. पण प्रत्येक वेळी तो उतरून नांगराचा दोर असा ताणून बघायचा, जणू खाली पाताळ आहे आणि वर तुफान. नांगराला तो 'शहाणा' म्हणायचा. "शहाण्या, धर रं. सोडू नको." होडी वाळूत अशी बसलेली असायची की तिला हत्तीनं ओढलं तरी ती हलली नसती, पण श्रेय सगळं शहाण्याचं.

मी त्याची नक्कल खाणावळीत करू लागलो. कमरेवर हात, छाती पुढे, "पोचलोऽऽ!" वाढप्यानं आमटीचं भांडं खाली ठेवून हसून घेतलं. सबनीसांपैकी एकानं ही बातमी फोडली आणि पुढच्या रविवारी नाखवा मला म्हणाला, "कर."

मला वाटलं, आता बांबू बसणार. भीत भीत केली.

नाखवा डोळे मिटून ऐकत होता. "आवाज बरा हाय," तो म्हणाला. "पन छाती कमी. मी असा नाय. मी बारीक नाय दिसत." मग जवळ सरकून म्हणाला, "माज्या व्याह्याचा येतो?"

व्याही म्हणजे गोमा नाखवा. धर्माची मुलगी त्याच्या घरात दिलेली. गोमा गोलगरगरीत, मऊ बोलणारा, आणि जीभ तेल लावलेल्या सुरीसारखी. मी गोमाचा आवाज काढला, "काय व्याहीबुवा, बरा हाय नं?" तर धर्मा नाखवा असा हसला की चिलीम पाण्यात पडली.

या हसण्याच्या तळाशी त्याचं मोठं दुखणं होतं, ते आता सांगतो.

नारळी पौर्णिमेला कोळीवाडा सोन्याचा कागद लावलेला नारळ दर्याला देतो. तो नारळ सर्वांत पुढच्या होडीत असतो, आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहून तो डोक्यावर धरतो त्या होडीचा नाखवा. मान कुणाचा हे पाटील ठरवायचा, पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात तेव्हा. नियम एकच. ज्या होडीला वर्षभरात वाळूनं धरलं, ती पुढे नाही. धर्माच्या बापानं हा नारळ धरला होता. धर्मानं कधीच नाही. दर वर्षी नारळ गोमाच्या होडीत, आणि मागच्या होडीत धर्मा नाखवा व्याह्यानं उडवलेलं पाणी तोंडावर घेत उभा. त्याच्या होडीला रुतलेलं कोळीवाड्यात कुणी पाहिलं नव्हतं हे खरं, पण ऐकलं सगळ्यांनी होतं.

त्या वर्षी पाटलानं सांगितलं, "ऐकलेलं धरनार नाय. बघितलेलं धरीन." धर्माला वाटलं, आता होडी बांधून ठेवली की नारळ आपला. चैत्र त्यानं कसाबसा मासेमारीच्या जागा सांभाळून काढला. आम्हाला नाही म्हणून सांगितलं. पण वैशाखातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गोमा किनाऱ्यावर चार माणसांत म्हणाला, "आमच्या व्याह्यांनी होडीला पाळन्यात घातलाय. बाहेर काढत नाय, सर्दी होईल."

त्याच दिवशी नाखव्याचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे होडीत होतो.

तात्यांनी श्रीखंड आणलं होतं. मोठं पितळी पातेलं, वर फडकं बांधलेलं. केशर, वेलची, चारोळ्या, सगळं घरी करून. पातेलं मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते.

नाखवा त्या दिवशी निराळाच होता. बांबू टाकला तो खरा मोजला. उधाणाची भरती होती, पाणी कधी नव्हे इतकं चढलेलं, आणि त्या जोरावर होडी थेट दोन बेटांच्या मधल्या डोहात नेली. धप्प नाही, काही नाही. तरंगती होडी! त्यानं नांगर सोडला. दोर सरसर गेला. "सात हात पानी," तो पुटपुटला आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की सबनीस बंधूंनी टाळ्या वाजवल्या.

आता गंमत बघा. आजवर हा माणूस आधी थांबायचा, मग नांगर टाकायचा. तरंगत्या होडीला दोर किती सोडायचा याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्यानं आनंदाच्या भरात होता तेवढा सगळा दोर सोडला. होडी बेटाच्या कडेपर्यंत सरकली, आम्ही गुडघाभर पाण्यातून बेटावर उतरलो, आंघोळी केल्या, नाखवा टोपी तोंडावर घेऊन जे झोपला ते पहिल्यांदाच समाधानानं झोपला. लांब दोरावर होडी वाऱ्यानं हळूहळू फिरत गेली, बेटाच्या पाठीवर येऊन उभी राहिली, आणि ओहोटीनं तिच्याखालचं पाणी काढून घेतलं.

मी पाहिलं तेव्हा होडी कोरड्या ठणठणीत वाळूवर एका कुशीवर आडवी झाली होती. शहाणा मात्र दूर डोहात इमानदारीनं धरून बसला होता.

नाखवा उठला. होडीभोवती एक फेरी मारली. मग मटकन खाली बसला. आयुष्यभर रुतल्यावर नांगर टाकला आणि आज नांगर टाकून रुतला.

"कुणी पाहिलं नाही ना?" तात्या म्हणाले. "रात्रीच्या भरतीला निघू."

तेवढ्यात लहान सबनीस म्हणाला, "ते कोण?"

समुद्राच्या बाजूनं एक शीड येत होतं. नाखव्यानं कपाळावर हात धरून पाहिलं आणि त्याची छाती पहिल्यांदाच खाली गेली. "व्याही. आन मधी पाटील हाय. बोलावून आनलाय त्यानं." मग तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "बापाचा नारळ गेला रं."

तात्या, दोन गोणी वजनाचे, सहस्रनामवाले तात्या, ताडकन उभे राहिले. "होडी मुद्दाम वाळूवर काढतात की नाही कधी?"

"काढतात नं. बूड खरवडायला. चुना आन तेल लावायला."

"मग लावा चुना!"

"चुना खय हाय?"

तात्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं. एकदा नाखव्याकडे पाहिलं. डोळे मिटले आणि फडकं सोडलं.

त्यानंतरची काही मिनिटं आमच्या ऑफिसच्या साहेबानं पाहिली असती तर आम्हाला बढतीच दिली असती. सबनीस बंधू ताटल्यांनी होडीचं शेवाळ खरवडत होते, तात्या कोपरापर्यंत श्रीखंडात हात घालून बूड सारवत होते आणि दर हाताला "अरेरे" म्हणत होते. पांढरंपिवळं बूड उन्हात झकास चमकायला लागलं. चारोळ्या तर अशा बसल्या की अस्सल शिंपल्याच.

"नाखवा, आता फक्त सांगायचं, चुना लावतोय," मी म्हणालो.

"मी पाटलासमोर खोटं बोलनार नाय," नाखवा म्हणाला. "देवाची शपत हाय. तू बोल."

"मी?"

"माज्या आवाजात. मी काय नाय बोललो तर मी खोटा कसा?"

आणि मला होडीखाली कोंबलं.

गोमाची होडी थोड्या अंतरावर पाण्यात थांबली. जवळ आली असती तर तीच अडकली असती.

"काय व्याहीबुवा," गोमाचा मऊ आवाज आला, "बरा हाय नं? रुतलाव वाटतं?"

मी पोटातून आवाज काढला, "रुतनार तुमी! मी चुना लावताव! डोळं घरी ठेवलाव काय?"

"न्हाय, भर दुपारी चुना, आन गिरगावचं कारकून लावतात, म्हनून इचारला."

"तुमच्याकडं कोन लावतं? तुमच्याकडं तर सूनपन लावत नाय, माजी पोर हाय ती, शानी हाय!"

हे मी जरा जास्तच बोललो. वर नाखव्यानं टाचेनं वाळू माझ्या तोंडावर उडवली.

पाटील मात्र लटपटत पाण्यातून चालत आला. म्हातारा, नजरेनं पार अधू, काठी चाचपत. थेट नाखव्यासमोर उभा राहिला. "धर्मा, चुना लावतोस?"

आता काय! नाखव्यानं घाईघाईनं तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि मी खालून बोललो, "होय पाटील."

"आवाज असा काय? विहिरीतनं आल्यासारका?"

नाखव्यानं ओठ हलवले. "सर्दी झाली."

पाटलानं बोट बुडावर फिरवलं. नाकाशी नेलं. मग बोट तोंडात गेलं. बराच वेळ बाहेर आलं नाही.

"चुना कनचा?"

"गिरगावचा," मी म्हणालो.

"हां." पाटलानं दुसरं बोट फिरवलं, जरा मोठं. "एका हातात समजत नाय. ती बाजू बघताव." असं म्हणत म्हणत त्यानं चाचपत चाचपत होडीची एक बाजू नाळेपासून सुकाणूपर्यंत तपासली. चारोळ्यांशी विशेष थांबला. तात्यांना ते बघवेना. ते पाठ करून पाण्यात जाऊन बसले.

तेवढ्या वेळात ओहोटीनं आपलं काम केलं. लांबून धप्प ऐकू आलं. गोमाची होडी वाळूवर बसली होती. गोमानं इकडंतिकडं पाहिलं, लगबगीनं नांगर उचलला आणि पाण्यात फेकला.

"आमी नांगरलाव हा, पाटील!" तो ओरडला.

पाटलानं मिशी पुसली. "मी आंधळा हाय, खुळा नाय. तुज्या होडीतनं मी आलो, आन आथा मना घरी जाता येत नाय. रुतला तू, गोमा. धर्मानं चुना लावला. ब्येस लावला. नारळ धर्माचा." आणि जाता जाता आणखी एक बोट.

धर्मा नाखव्याला रडू आलं. पण ओठ हलवायची सवय लागली होती, आवाज फुटेना. रात्रीच्या भरतीला दोन्ही होड्या सुटेपर्यंत दोघे व्याही शेजारी शेजारी बसून एकच चिलीम ओढत होते आणि एकमेकांना 'तुमी आधी' म्हणत होते. किनाऱ्यावर होडी ओढल्यावर कोळीवाड्यातली झाडून सगळी कुत्री तिच्या बुडाशी मुक्कामाला आली. नाखव्यानं सांगितलं, गिरगावच्या चुन्यात माशाचं तेल असतं.

पुढे प्लेग आला, आमचं ऑफिस पांगलं, मी पेणला परत गेलो. त्यामुळे धर्मा नाखव्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेला. होडी रंगवलेली, पताका लावलेल्या, वाजंत्री जोरात. आणि नाळेवर धर्मा नाखवा, नवी लाल टोपी, दोन्ही हातांनी डोक्यावर सोन्याचा नारळ धरलेला. एकदा डोक्यावर घेतला की दर्याला देईपर्यंत तो खाली घ्यायचा नाही, हात सोडायचा नाही. छाती अशी फुगलेली की पाठ दिसत नव्हती.

किनाऱ्यावर हिराबाई हिरवं लुगडं नेसून, आरतीचं ताट घेऊन उभी होती. तात्यांना तिचं अभिनंदन करायचं सुचलं.

"मोठा मान हो, हिराबाई," ते म्हणाले. "आणि आमचंही श्रीखंड सत्कारणी लागलं. पातेलंभर होतं. केशर घातलेलं."

"कनचं शिरखंड?" हिराबाई म्हणाली.

तात्या भोळे. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

हिराबाईनं आरतीचं ताट माझ्या हातात दिलं, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. वाजंत्री आपोआप थांबली. नाखवा वर नारळ धरून उभा. कान झाकायला हात मोकळे नव्हते.

"अवो नाखवा! हिकडं बगा! होडीच्या बुडाला केशर लावलाव? चारोळी लावलाव? पाटलानं खाल्ला, कुत्र्यांनी खाल्ला, खेकड्यांनी खाल्ला! आन मी त्या टायमाला कुठं व्हती? लालबागला, डोक्यावर टोपली घेऊन, उन्हात! रात्री घरी आलाव तवा तुमच्या मिशीला पिवळा लागला व्हता, मी इचारला, ह्यो काय, तर म्हनं चुना! मी खोबरेल लावून पुसला त्यो चुना माज्या पदरानं! नारळ गेला असता तर गेला असता, मी तुमाला जेवायला घातला नसता काय? लगीन झाल्यापासनं मी शिरखंड निस्ता ऐकलाय, नाखवा, निस्ता ऐकलाय! पातेलंभर व्हता, आन माज्यासाठी एक बोट राखला नाय?"